पुढचा परवा

परळला बंद गिरणीच्या जागी काचेची इमारत उठलीय, तिच्या नवव्या मजल्यावर डॉक्टर वैशाली बसायची. काम तसं रुक्षच. वाळवंटात तैनातीवर निघालेल्या जवानांपैकी कुणाला कशाचा धोका किती, याचा अंदाज बांधायचा. ऊन, मूतखडा, धुळीचा दमा, विंचू. निघायच्या दिवशी मनू कारकून एकेकाला फोन करून मागचं दुखणंखुपणं विचारायचा. उत्तरं फॉर्मात लिहायचा आणि वैशाली फिट किंवा अनफिट असा शिक्का मारायची. बाई कामाला चोख. मनूच्या आळसाचा मात्र तिला भारी राग.

एप्रिलमध्ये गेलेल्या तुकडीत आठ जणांचं उत्तर एकच होतं. ऊन लागून चक्कर कधी आली? ‘परवा.’

"मनू, ही माणसं छावणीत झाडाखाली बसलेली. परवा कुठलं ऊन लागलं यांना?"

"ते बोलले परवा, मी लिहिलं परवा. माझं काय चुकलं, मॅडम?"

वैशालीने कपाळाला हात लावला आणि आठही फॉर्मांवर फिटचा शिक्का मारला. महिन्याभराने तिकडचा अहवाल आला. तेच आठ जण उन्हाने कोसळले होते. सगळे एकाच दिवशी. फोन झाल्यानंतर बरोबर दोन दिवसांनी.

"आयला, म्हणजे पुढचा परवा!" मनू म्हणाला. "मागचा की पुढचा, हे मी कुठे विचारलं?"

आता घ्या! पुढचा परवा आधीच कसा सांगेल कुणी? वैशालीने फोनची रेकॉर्डिंग काढून ऐकली. आठही आवाज शांत.

"परवा पडलो, साहेब. लगेच पाणी मिळालं. बरा आहे आता."

पडलो. पडेन नव्हे. तिने ते चारदा ऐकलं, पाचव्यांदा ऐकलं. डोक्याचा पार भुगा झाला, पण अर्थ काही लागेना. कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

पुढच्या तुकडीत तिचा धाकटा भाऊ होता, बुद्धभूषण. शुक्रवारी मनूने त्यालाही फोन केला. दुपारी फॉर्म तिच्या टेबलावर आला. ऊन कधी लागलं?

‘परवा. वाट चुकलो. पाणी नव्हतं.’

त्या आठांना निदान पाणी तरी मिळालं होतं. याला थांबवायलाच हवं, पण कारण काय लिहायचं? ‘परवा’ असं लिहिलं असतं तर वरिष्ठांनी तिचंच डोकं तपासायला पाठवलं असतं. आयुष्यात कागदावर कधी खोटं लिहिलं नव्हतं तिने. त्या दिवशी मूतखडा लिहिला आणि अनफिटचा शिक्का मारून मोकळी झाली.

शनिवारी सकाळी भूषण वरळीच्या बीडीडी चाळीत घरी हजर. तोंड फुगलेलं.

"मूतखडा? मला? सगळ्यांसमोर नाक कापलंस, ताई."

"कापलं तर कापलं. डोळ्यांसमोर आहेस ना माझ्या?"

रविवारी आई विहारात गेली होती. वैशालीने बोंबलाचं कालवण आणि भात केला. सकाळपासून ती भूषणला नुसती न्याहाळत होती. कपाळाला हात लावून पाहत होती. तो चिडत होता. एक वाजला. काही म्हणजे काही झालं नाही. भाऊ समोर मजेत भुरके मारत होता. तिला एकदम हसू आलं आणि मग डोळे भरून आले. वाचवलं बाई आपण याला!

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लवू होता, खालच्या मजल्यावरचा. भूषणचा जिगरी दोस्त, त्याच्याच तुकडीतला.

"ताई, गावला!" तो रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. "सकाळपासून शोधत होतो. वाळूत पडलेला. श्वास चालू आहे."

"कोण रे?"

"कोण काय? आपला भूषण!"

"लवू, तो इथे घरी आहे. माझ्यासमोर जेवतोय."

"असं काय बोलता, ताई? माझ्या बाजूला बसून आला तो विमानात. थांबा, डोळे उघडलेत त्याने. देतो."

खरखर झाली. मग आवाज आला. कोरडा, फाटलेला. पण हा आवाज ती त्याच्या बोबड्या बोलांपासून ओळखत होती.

"ताई, मला फिट का केलंस गं?"

वैशालीने मान वर केली.

भूषणचा हात ताटात थांबला होता. कोणाचा फोन, असं त्याने विचारलं नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"ठेव तो फोन, ताई," तो हळूच म्हणाला. "भात निवतोय."