टोकावरचे खड्डे

मान वर केली तर दारात एक माणूस उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी यंत्र थांबवून आवाज अडवणारे कानांवरचे मफ काढले.

"म्हणजे एवढा वेळ मी भिंतीशी बोलत होतो," तो म्हणाला. "शेजारी मायक्रोस्कोप सांभाळतो मी. तुमचं हे ओरडायला लागलं की माझा फोटो थरथरतो."

"ग्राफाइटचे थर सुटे करतेय. गोड बोलून सुटत नाहीत ते."

"तुम्ही गोड बोलून बघितलंय कधी?"

मी हसले... आणि फसले.

माझं काम तसं सोपं. द्रावणात ग्राफाइटची काळी पूड, तीत बुडवलेली धातूची कांडी. कानाला न पेलणाऱ्या वेगानं कांडी थरथरते आणि पूड पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटते. सर्वांत पातळ पापुद्रा म्हणजे ग्राफीन, आणि तो दिसणार फक्त शेजारच्या त्या मायक्रोस्कोपखाली. तिकडे जाताना मी केस सारखे करू लागले. फोटोत मात्र पापुद्र्यांवर पांढरे ठिपके यायचे. नमुना पुन्हा केला तरी तेच.

"पुन्हा आणा," तो म्हणायचा. मी न्यायचे.

आई म्हणते, राग माझ्या नाकावरच असतो. एका सकाळी मीटिंगमध्ये प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ठिपक्यांबद्दल खडसावलं आणि मी ताडकन म्हणाले, "मायक्रोस्कोपच घाण आहे. साफ करत नाहीत तो."

तो समोरच बसला होता. टेबलाकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही.

"मग सोमवारपासून मायक्रोस्कोप दुसऱ्याकडे," मॅडम म्हणाल्या.

दुपारी कांडी पुसताना टोक बोटाला खरखरीत लागलं. उजेडात धरलं, तर खड्डेच खड्डे. टायटॅनियमचं टोक झिजून त्याचा चुरा माझ्याच नमुन्यात पडत होता. टोक बघत जा, घासत जा, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी एकदाही बघितलं नव्हतं. कानशिलं तापली. कुठे तोंड लपवू असं झालं.

मॅडमच्या खोलीत सगळे चहा घेत होते. सगळ्यांदेखत सांगितलं, "ठिपके माझ्या कांडीचे आहेत. मायक्रोस्कोप स्वच्छ आहे." कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे त्यालाही सांग," मॅडम म्हणाल्या.

तो खोली आवरत होता.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "ते ठिपके..."

"टायटॅनियमचे. पहिल्याच फोटोत कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

त्याचे कान लाल झाले. "बोललो असतो तर तुम्ही टोक घासलं असतं, फोटो स्वच्छ आला असता... आणि मग इकडे कशाला आला असता? मीटिंगमध्ये तोंड उघडायचं तर हेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली."

"माझं काम वाया गेलं. वर मी सगळ्यांसमोर मान खाली घालून आले."

"हो," तो म्हणाला. "आता मी जातो."

आणि खरंच मॅडमकडे गेला. परतला तेव्हा चेहरा अगदी पडलेला होता.

"काय म्हणाल्या?"

"खूप बोलल्या. मायक्रोस्कोप राहिला माझ्याकडे. म्हणाल्या, आता दोघं मिळून कांडी घासा."

आम्ही पॉलिश पेपर घेऊन बसलो. वर बघायची हिंमत दोघांचीही होत नव्हती. टोक गुळगुळीत झालं, मी नवा नमुना केला, त्यानं फोटो काढला. नुसते पापुद्रे होते, ठिपका एकही नाही.

"म्हणजे... तुमचं इकडे यायचं कारण संपलं," तो हळूच म्हणाला.

"उद्या कारण न घेताच येईन," मी जमिनीकडेच बघत म्हणाले. "चालेल ना... तुला?"