तीन फूट दोन इंच

फुलाच्या कमरेवरची घागर सांडली, तेव्हा आख्खी गल्ली गप्प झाली. पाणी भरणाऱ्या बायका, भांडणाऱ्या बायका, टँकरवर चढलेला पाईपवाला... सगळे!

एप्रिलातलं लातूर, आणि नऊ दिवसांनी आलेला टँकर. गंजगोलाईमागच्या त्या चिंचोळ्या गल्लीत टँकर शिरत नाही. तो तोंडाशीच थांबतो आणि तिथून पुढं सगळं पाणी बायकांच्या डोक्यावर नाहीतर कमरेवर. फुला, म्हणजे पंचफुला, वय वर्षं बावीस, क्लासमध्ये दहावीच्या पोरांना गणित शिकवणारी, भरली घागर घेऊन तरातरा येत होती. गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी पिवळं ताणलेलं होतं, ते तिला दिसलंच नाही. मोजायची टेप! पाय अडकला, घागर कलंडली, आणि तापलेल्या शहाबादी फरशीनं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"डोळे हायत का बटणं?" फुला कडाडली.

भिंतीशी उकिडवा बसलेला टेपवाला उठला. उंच, सावळा, शर्टावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पाडलेली बारीक बारीक भोकं. "सॉरी, मॅडम. मी मोजून राहिलो होतो—"

"काय मोजून राहिला होता? गल्ली? गल्ली काय पळून चालली होती? नऊ दिवस मोकळी पडलेली असते, तेव्हा मोजायची! आजच मुहूर्त लागला?"

"आजच मोजायची होती," तो हळू म्हणाला.

"कामून?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण फुलाला उत्तर नकोच होतं. तिला भांडण हवं होतं. त्यामुळं तिनं पुढची पाच मिनिटं त्याला बोलूच दिलं नाही. तो ऐकत राहिला. खाली मान घालून नाही, सरळ तिच्याकडं बघत. डोळे तपकिरी होते, शांत... इतक्या रागातही फुलाला ते दिसलं. आणि आपल्याला ते दिसलं, याचा तिला आणखीनच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. उंबऱ्याबाहेर तोच. पायाशी दोन भरलेल्या घागरी.

"वर्कशॉपच्या बोअरचं हाय. गोड पाणी."

फुलानं एक उचलून आत ठेवली. दुसरी परत त्याच्या पायाशी सरकवली.

"एक सांडली होती, दोन न्हाई. उपकार नकोत."

"व्याज समजा."

"व्याज खाणारं घर न्हाई हे."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. घागर खांद्यावर टाकून जाताना म्हणाला, "माझं नाव शिवमूर्ती. मुखेडचा हाय. म्हणजे पुन्हा शिव्या द्यायच्या असल्या तर... नावानिशी देता येतील."

"मुखेड पुरेसं हाय!" फुलानं दार लावलं. आतून खिडकीशी बसलेली आई, कमलम्मा, विचारत होती, "कोण गं होतं?"

"कोणी न्हाई."

"कोणी न्हाई तर एवढी लाल कामून झाली?"

"रागानं!" फुला म्हणाली. आणि ते अर्ध्याहून जास्त खरं होतं.

खरा राग तर तिला दोन दिवसांनी आला. उमाबाई मावशींच्या ओसरीवर बचत गटाची बैठक होती. चौदा घरं, चौदा बायका. विषय एकच, पाण्याची गाडी. टँकरपासून घरापर्यंत पाणी आणायला छोटी बॅटरीची गाडी घ्यायची, हे फुलानंच डोक्यात घेतलं होतं. हैदराबादजवळचं एक रिसॉर्ट आपल्या जुन्या गोल्फच्या गाड्या विकून टाकत होतं. फुला स्वतः जाऊन बघून आली होती. पांढरीशुभ्र, वर छत, मऊ गाद्यांच्या सीटा. मागच्या दोन सीटा काढल्या की कॅन बसतील, असा तिचा हिशेब. आणि आज ओसरीवर कोण बसलेलं? मुखेड! हातात कागदाची गुंडाळी.

"ह्यांना मीच बोलवलंय," उमाबाई म्हणाल्या. "नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनीर झालेत. म्हणतात, तशी गाडी इथंच बनवून देतो."

"मावशी! मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू ह्यांना बोलावू दिलं असतं का?"

बायका खुदखुदल्या. फुला उभीच राहिली. "बनवायची म्हणजे आज होईल, उद्या होईल. नगरसेवकासारखं. त्यांच्याकडं गेलो तर म्हणतात, उदगीरचा नवा जिल्हा होऊ द्या, लातूरवरचा भार हलका होईल, मग बघू! सगळे मग बघू म्हणून राहिलेत. तयार गाडी उद्या दारात येते. ह्यात विचार काय करायचाय?"

"गाडी केवढी रुंद हाय, मॅडम?" शिवमूर्तीनं विचारलं.

"चार फूट. आणि गल्ली सात फूट. मी स्वतः मोजलीय."

"कधी?"

"रविवारी."

"रविवारी टँकर होता?"

फुलाच्या डोळ्यांपुढं दोन्ही बाजूंचे ड्रम उभे राहिले.

टँकरच्या दिवशी प्रत्येक दारापुढं निळा ड्रम येतो. दोन्ही बाजूंनी. बाई घरात असो नसो, ड्रम म्हणजे तिचा नंबर. ड्रम हलवला की नंबर गेला, म्हणून दुसऱ्याच्या ड्रमला या गल्लीत कुणी बोट लावत नाही, सख्खी जाऊसुद्धा नाही. आणि गाडी लागणार ती नेमकी टँकरच्याच दिवशी!

"ड्रम धरून मधी राहतात तीन फूट दोन इंच," तो म्हणाला. "त्यासाठीच त्या दिवशी मोजत होतो."

"ड्रम थोडे आत सरकवले तर—" फुलानं करून बघितलं.

"आँ?" चौदा तोंडांतून एकदम निघालं. "सरकवायला हात लावून तर बघ!"

दहावीला गणित शिकवणारी फुला, मोकळी गल्ली मोजून आली होती. सगळ्यांसमोर. त्याच्यासमोर! तिचे कान तापले. गाडी बनवायचीच ठरली, बॅटरी आणि मोटार ई-रिक्षाची, रुंदी पावणेतीन फूट, आठ दिवसांत. ओसरीवरून उतरताना तिनं त्याला गाठलंच.

"आधीच सांगता येत नव्हतं? चारचौघांत माझं नाक कापायची हौस होती?"

"सांगून राहिलो होतो. घागर सांडली त्या दिवशी. तुमी बोलू दिलं न्हाई."

"मग मोठ्यानं बोलायचं!"

"तुमच्यापेक्षा मोठ्यानं?" त्यानं कानाला हात लावला. "ते मला जमणार न्हाई, मॅडम."

त्यानंतर फुला रोज क्लास सुटला की एमआयडीसीतल्या वर्कशॉपवर जाऊ लागली. देखरेख करायला. गटानं नेमलं नव्हतं, तिनं स्वतःच स्वतःला नेमलं होतं. स्टुलावर बसायची आणि चुका काढायची. चाकं लहान हायत. हँडल वाकडं वाटतंय. काम हळू चाललंय. तो ग्राइंडर चालवता चालवता उत्तरं द्यायचा, ठिणग्या उडायच्या, आणि त्यातल्या किती ग्राइंडरच्या अन् किती फुलाच्या, हे सांगणं अवघड होतं.

"चष्मा लावा," तो म्हणायचा. "ठिणगी डोळ्यात जाईल."

"माझ्या डोळ्यांची तुम्हाला कामून काळजी?"

"काळजी ठिणगीची करून राहिलो. बिचारी जळून जाईल."

फुलानं तोंड फिरवलं. पण चष्मा लावला. काचेआडून हसलेलं दिसत नाही, असं तिला वाटलं होतं... दिसत होतं.

सहाव्या दिवशी गाडी उभी राहिली. बुटकी, लांबट, पाण्याच्या वजनानं कलंडू नये म्हणून तळ जमिनीला टेकायला आलेला. पुढं एक चालवणाऱ्याची सीट, मागं वीस कॅनची जागा. फुला तिच्याभोवती एक फेरी मारून आली. दुसरी मारली. चेहरा उतरत गेला.

"बसायला जागा कुठंय?"

"चालवणाऱ्याला हाय की."

"आणखी एक?"

"आणखी एक बसवली तर दोन कॅन कमी बसतील. गटानं वीस सांगितलेत. त्यांना विचारल्याशिवाय मी नटसुद्धा हलवणार न्हाई."

"विचारल्याशिवाय, विचारल्याशिवाय! एक साधी सीट!" फुलाचा आवाज चढला, चढतच गेला. "ती पांढरी गाडी आणली असती तर सीट होती! सहा होत्या! मऊ गादीच्या! तुम्ही कशाला आलात मधी टेप घेऊन? चांगली माझी गाडी येत होती..."

"मॅडम... ती गाडी गल्लीत गेलीच नसती."

"गेली नसती तर तोंडाशी उभी राहिली असती! मला पाण्यासाठी नव्हतीच पाहिजे ती!"

बोलून गेली, आणि मग थांबता येईना. जानेवारीत टँकरच्या गर्दीत आई घसरली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता चाला. घरात वॉकर धरून ती चालायची. पण उंबरा ओलांडायची नाही. फरशा वरखाली, लोक बघणार, परत पडले तर... तीन महिने खिडकी. गल्लीतल्या प्रत्येक भांडणाचा निकाल जिच्या तोंडून लागायचा, ती बाई आता विचारायची, टँकरला कोण कोण आलं होतं गं?

"मऊ सीट बघून तरी ती बसेल, असं वाटलं होतं," फुला म्हणाली. आता आवाज फाटला होता. "एकदा तरी बाहेर येईल. मला रोज वाटतं, ती तशीच... त्या खिडकीत..."

शिवमूर्तीनं ग्राइंडर बंद केला. स्वतःच्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतलं आणि तिच्यापुढं धरलं.

"हे गटाला सांगितलं का?"

"कशाला सांगू? लोकांच्या पाण्यातले दोन कॅन माझ्या आईसाठी मागू?"

"जगाशी भांडता तुमी. टँकरवाल्याशी, नगरसेवकाशी, माझ्याशी तर रोज. फक्त स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की वाचा बसते." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "मला राग येतो त्याचा! खरंच येतो!"

फुला बघतच राहिली. हा माणूस चिडलेला... चांगला दिसत होता.

"तुम्ही सांगा ना त्यांना," ती हळूच म्हणाली.

"न्हाई. सोबत येतो. बोलायचं तुमी."

संध्याकाळी उमाबाईंच्या ओसरीवर फुला बोलली. अडखळत, पदराशी चाळा करणाऱ्या बायकांकडं न बघता. मग उमाबाई उठल्या, आणि असं वाटलं की आता मुस्काटात देतात.

"कमलम्मा तुझीच एकटीची हाय का गं? माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्रंदिवस तीच बसली होती उशाशी! दोन कॅनचा हिशेब आमाला सांगती? मास्तरीण झाली म्हणून?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात आग. "ओ इंजिनीर! बसवा सीट. आणि गादी चांगली जाड टाका. अठरा तर अठरा कॅन!"

टँकर आला त्या सकाळी गाडी गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंना निळे ड्रम आणि मधून ही, कुठल्याच ड्रमला अंग न लावता. ती फुलाच्या दारापुढं थांबली. कमलम्मा आतून "न्हाई, न्हाई" म्हणत राहिली. फुला तिचा हात धरून उभी होती. मग शिवमूर्ती उंबऱ्यापाशी उकिडवा बसला.

"आई, ही सीट मी बनवलीय. तुमची लेक म्हणती, वाकडी हाय. तुमी बसून सांगा, कोण खरं बोलतंय."

निकाल मागितला होता कुणीतरी... तीन महिन्यांनी. कमलम्मानं पदर सारखा केला. वॉकर पुढं टाकला. एक पाय उंबऱ्याबाहेर, मग दुसरा.

सीटवर बसून तिनं दोन्ही बाजूंना हात फिरवला. "वाकडी न्हाई," ती म्हणाली, "पण गादी टोचती." आणि गाडी टँकरपाशी पोचते न पोचते तोच ओरडली, "ए पाईपवाल्या! अर्धं पाणी मातीत घालायलास, नीट धर की! तुझ्या बापानं इहीर खांदलीय का?" आख्खी गल्ली हसत सुटली. फुला हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम, आणि सगळ्या जगावर चिडलेलीही होती.

अठरा कॅन भरले. उमाबाईंनी हँडल धरलं, आणि कमलम्मा सगळ्यांना वाट सोडायला सांगत गल्लीत निघून गेली. तोंडाशी टपटपणारा रिकामा टँकर उरला, आणि हे दोघं.

"दर टँकरला यावं लागंल मला," शिवमूर्ती टेप गुंडाळत म्हणाला. "बॅटरी बघायला. नट आवळायला."

"हाव. यावंच लागंल."

"जूनपर्यंत."

"जूनपर्यंत कामून?"

"पाऊस पडला की टँकर बंद. गाडी बंद. मग..." त्यानं टेपकडंच बघितलं. "मग मी कशाला येऊ?"

पावसाची वाट सगळं लातूर बघत होतं. आणि हा शहाणा पाऊस आला की जायचं म्हणत होता! ती पुढं झाली आणि त्याच्या हातातली टेप हिसकावून घेतली.

"इंजिनीर झालास ना रे तू? सगळ्या गल्लीचं माप घेतलंस, इंचाइंचाचं! आणि एवढं कळंना? पाऊस पडल्यावर यायला कारण लागतं, तर ते आत्ता विचारून घ्यायचं! माझी आई रस्त्यात आलीय, उमामावशी हाकेच्या अंतरावर हायत, गल्लीत चौदा बायका साक्षीला हायत, आणि हा नट आवळून राहिलाय!"

त्यानं वर बघितलं. मग कानापर्यंत लाल... आणि मग ते हसू, नुसत्या डोळ्यांतलं.

"विचारलं तर... हो म्हणशील?"

"विचारून तर बघ!" फुला ओरडली. "आठ दिवस काय करून राहिला होतास मग?"