हबीबचाचांची तात

ही गोष्ट खोटी निघावी असं सगळ्यांत जास्त मलाच वाटतं. पण ती खरी आहे, आणि तिच्यातली चूक माझी आहे.

मी शेखर. अकोल्यात पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो. तारांमध्ये हात घालून पोट भरणारा माणूस, भुताखेतांशी माझा काय संबंध?

गेल्या वर्षीचा मे महिना. अमरावतीत बडनेरा रोडवरचं आमचं घर. वेळ रात्रीची नव्हती, भर दुपारची होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

माझी धाकटी बहीण रागिणी चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा. ती पुण्यात शिकली. सप्टेंबरात तिथेच तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता. एकट्या चेलोसाठी तिने स्वतः लिहिलेली रचना ती वाजवणार होती. पेटी नाही, तबला नाही, साथीला कोणी म्हणजे कोणी नाही.

तिने मला वही दाखवली. सूर कमी, खरखरच जास्त. गजाच्या काठीने तार ठोकायची, मग चार मोजेपर्यंत गप्प बसायचं. पुन्हा ठोकायची, मग सात. मग अकरा.

शेवटच्या शांततेपुढे आकडाच नव्हता...

"मंग संपलं हे लोकायले कसं समजंन?" मी विचारलं.

"वाजवणारा उठला का संपलं, दादा."

आई म्हणायची, "एवढं शिकवलं पोरीले, अन् हे लाकूड कापून राहिली!"

पण ती ठोक मला ओळखीची होती. अकोल्याला आमच्या जुन्या गल्लीत हबीबचाचा पिंजारी राहायचे. गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांच्या पिंजणाला, म्हणजे त्या मोठ्या धनुष्याला, आतड्याची जाड दोरी असायची. तिला तात म्हणतात. ठक् ताँय, ठक् ताँय. मध्येच चाचांचा खोकला. आयुष्यभर कापसाचे तंतू छातीत गेलेले. लहानपणी रागिणी त्यांच्यासमोर तासन् तास बसायची.

चाचा त्या जानेवारीत गेले. अर्धा कापूस पिंजायचा राहिला होता.

रागिणीला ती तात हवी होती. चेलोची सगळ्यांत जाड तार काढून तिथे ती चढवायची, असं तिच्या मनात होतं. मी चाचींकडे गेलो. त्यांनी तात दिली, आणि वर एक कैंची दिली.

"ले जा बेटा. पन अगोदर मधातून काप. आमच्या घरी पिंजनारा गेला का त्याची तात कापतेत. नाई त गेलेला मानूस काम करतच रायते मनतेत. माह्या हातानं होत नाई."

मी अंगणात आलो. माप घेतलं. मधून कापली तर चेलोला पुरत नव्हती.

मी कैंची परत नेऊन दिली.

"कापली ना?"

"हो चाची, कापली."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

तात चेलोवर चढवली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी तिच्या खोलीतच होतो. आवाज नको म्हणून कूलर बंद. फोनवर रेकॉर्डिंग चालू. रागिणीने तात ठोकली आणि गज मांडीवर ठेवला. एक... दोन... तीन...

ताँय.

अगदी हळू. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"नवीनच चढवली हाय, ताणल्यावर बोलतेच," मी म्हणालो. शहाणपणा माझ्या अंगात आधीपासूनच जास्त.

संध्याकाळी एकटा बसून रेकॉर्डिंग ऐकलं. चारच्या शांततेत एक ताँय. सातच्या शांततेत दोन. आणि अकराच्या शांततेत...

खोकला.

म्हाताऱ्या माणसाचा, खोल, कफाने भरलेला. मी तो लहानपणापासून ऐकला होता.

मी रागिणीला काही बोललो नाही. कार्यक्रमाची तयारी चालू, पोरीने धसका घ्यायला नको, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आईची कुरकुर सुरू झाली. रागिणीच्या खुर्चीखाली पांढरे तंतू पडायचे. झाडले की पुन्हा. घरात उघडा कापूस कुठेच नव्हता. शिवाय वाजवून झालं की रागिणी गजाचे केस सैल करून ठेवते, सगळेच ठेवतात. सकाळी ते ताठ ओढलेले असायचे.

दर रविवारी मी रेकॉर्डिंग करत होतो. दर वेळी तो खोकला थोडा जवळ आलेला.

चौथ्या रविवारी मात्र तो नव्हता. मी तीनदा ऐकलं. चार, सात, अकरा. सगळं स्वच्छ. हुश्श झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तोच खोकला आला...

मी धावलो. रागिणी खुर्चीवर होती. तिने तोंडावरचा हात काढला. ओठांवर पांढरा तंतू चिकटला होता.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मले वाटलंच होतं, दादा. मी अकरावर थांबते. चाचा पुढं मोजूनच राहिले."

माझ्या बॅगेत तारा तोडायची पक्कड असते. मी तात मधोमध तोडली. ताणलेली तार तुटताना आवाज होतो, हे माझ्या धंद्यातलं पोरही सांगेल. ही तुटली, पण आवाज झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे घेऊन चाचींकडे गेलो. त्यांनी कापलेली टोकं बोटांनी चाचपली. टोकं ताजी होती.

"कवा कापली?"

"काल."

"आतालोक कोनाच्या हाती होती?"

"रागिणीच्या."

त्या खाली बसल्या.

"मी तुह्याच हाती कैंची देली होती, बेटा."

काही उपाय आहे का, म्हणून मी पाया पडून विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

जूनमध्ये नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "पेशंट कापसाच्या जिनिंगमध्ये किती वर्षं कामाला होता?"

मी म्हणालो, "ती चोवीस वर्षांची आहे. चेलो वाजवते."

त्यांनी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं.

कार्यक्रम झाला नाही. चेलो पेटीत आहे, त्या जागी तार नाही. औषधं चालू आहेत. आईने नवस केले, दर्ग्यावर चादर चढवली, जे जे कोणी सांगितलं ते ते केलं. मी माझ्या बहिणीला वाचवू शकत नाही. खरं तेच आहे.

आता जानेवारी आहे, दुपारचे अडीच वाजलेत. रागिणी शेजारी झोपली आहे. तिचा श्वास एका ठेक्यात चालतो, एक आखूड, एक लांब. ठक्, ताँय. ठक्, ताँय.

मग मध्येच थांबतो...

जूनमध्ये तो चार मोजेपर्यंत थांबायचा. दिवाळीत सात. मी डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले लक्ष ठेवा.

मी लक्ष ठेवतो. काल अकरा झाले, आणि तिने श्वास घेतला.

वही माझ्या मांडीवर उघडी आहे. अकराच्या पुढे आकडा नाही.

आत्ता तिचा श्वास पुन्हा थांबलाय. मी मोजतो आहे.

आणि खोलीत आणखी कोणीतरी मोजतंय.