शिळा निरोप

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो भांडायलाच.

औषधांच्या मोठ्या गोदामात मी फिटर होतो. तिथे माल वाहायला बिनड्रायव्हरच्या गाड्या होत्या. त्या दिवशी मी नुकतीच दुरुस्त केलेली गाडी भर वाटेत थांबली, मागे रांग लागली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडीत खोट नव्हती. कोणीतरी म्हणालं, "वर नवीन प्रोग्रॅमरबाई आल्यात, त्यांना विचार."

हाताचं ग्रीस न पुसताच वर गेलो. "वाट मोकळी आहे का, असं माझ्या गाडीने विचारलं होतं. उत्तर का नाही दिलं?"

तिने मान वर केली. कपाळावर चष्मा, कानामागे पेन. "विचारलं, पण निरोप वाटेत रखडला. मिळाला तेव्हा शिळा झाला होता. टाकून दिला."

"टाकून... दिला?"

"तेवढ्यात वाट बदलली होती. जुन्या प्रश्नाला 'हो' म्हटलं असतं, तर तुमची गाडी दुसरीवर आदळली असती. आणि टेबलावरचा हात उचला — ग्रीस लागतंय."

शेवटी निघालं काय, तर छताजवळची वायर उंदराने कुरतडलेली. उंदीर ना माझ्या खात्याचा, ना तिच्या. तरी आम्ही आठवडाभर भांडलो. पुढे भांडायला काही उरलं नाही, तरी मी वर जातच होतो.

"आज काय बिघडलंय, फिटरसाहेब?"

"अजून नाही. बिघडेल म्हणून आधीच आलो."

ती हसली की चष्मा कपाळावरून नाकावर घसरायचा.

गाड्या आणि मुख्य कंप्युटर यांच्या मध्ये तिचा प्रोग्रॅम बसायचा. ढीगभर निरोप एकदम आले की आधी कोणाचा, हे तो त्या क्षणी ठरवायचा. ज्याची वेळ आधी संपणार, त्याचा आधी. थंड पेटीतली लस तापायला आली की तिची गाडी पुढे, बाकीच्या बाजूला.

मॅनेजरला हे खपेना. "मोठ्या गिऱ्हाइकाची गाडी कायम पहिली. तसंच करून टाका."

"कायम पहिलं कोणीच नसतं, साहेब. लस फुकट गेली तर काय करायचं?"

"बाई, अक्कल शिकवू नका."

मी तिथेच शिडीवर चढून पंखा बसवत होतो. माझं डोकं फिरलं. "त्यांना आहे म्हणूनच शिकवतायत!" मी वरूनच ओरडलो.

मॅनेजरने तिचा प्रोग्रॅम त्याच दिवशी बंद केला. तिने राजीनामा दिला.

दुपारी ती जिन्यात भेटली. हातात खोकं, खोक्यात एक कप.

"शिडीवरून कशाला भांडलास?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"गाड्यांसाठी."

"खोटारडा!" ती थांबली. "मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. संध्याकाळच्या आत कळवायचंय... तुला काही सांगायचंय?"

"जरा विचार करून —"

"उशिरा आलेल्या निरोपाचं मी काय करते, माहीत आहे ना?"

खोकं मी तिच्या हातातून घेतलं. "नट-बोल्ट सगळीकडे सारखेच असतात. मी पण येतो. लग्न करू."

"वेळेत आलास," ती म्हणाली आणि चष्मा नाकावर घसरला.

आम्ही गेलो. दोन महिन्यांत जुन्या गोदामातल्या गाड्या एकमेकींसमोर अडून बसल्या, म्हणून त्यांनी तिचाच प्रोग्रॅम गुपचूप परत लावला. तिथल्या इलेक्ट्रिशियनने फोन करून सांगितलं. तिला मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही. संसार झाला, मुलगी मोठी झाली, तरी नाही. शेवटच्या आजारपणातही नाही.

ती जाऊन सहा महिने झाले. काल त्या गोदामातून फोन आला. आवाज गोड. "बाईंच्या नावाची पाटी लावतोय. सत्कार घ्यायला याल ना?"

"ती असताना कुठे होतात?"

"अहो, उशीर झाला खरा, पण —"

मी फोन ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, जायला हवं. आईचा मान आहे."

"तुझ्या आईनेच शिकवलंय," मी म्हणालो. "शिळ्या निरोपाला 'हो' म्हणायचं नसतं."

मुलगी हसली. तिच्याही कपाळावर चष्मा असतो... तो नाकावर घसरला.

मी तोंड फिरवून चहा ठेवायला गेलो.