तपासलेल्या मातीतली आबोली

सेजलनं झेंडूचं फूल तोंडाशी नेलं आणि पलीकडच्या बांधावरून एक माणूस चिखल तुडवत धावत आला... एका पायात चप्पल, दुसरी मागं रुतलेली.

“बाये, तोंडात नको हां.”

मी तिचं मनगट आधीच धरलं होतं. माझी नजर लेकीवरून सहसा हलत नाही. त्या दिवशी मात्र — क्षणभर हलली.

तो सगुण. तुये गावचा, शेतकी संशोधन केंद्रात कामाला. गोव्यातल्या पाळी गावातल्या आमच्या शेतात खाणीचा लाल गाळ बसला होता, म्हणून सासऱ्यांनी ते त्याला प्रयोगासाठी दिलं होतं. झेंडू मातीतले जड धातू मुळांनी ओढून घेतो, मग झाडं मुळासकट उपटून दूर न्यायची, पुन्हा नवी लावायची, असं त्यानं समजावलं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं — इथली तांबडी भाजी माझ्या मुलीच्या ताटात कधी वाढता येईल?

“तीन-चार वर्षं तरी.”

“तोवर तुम्ही येणार?”

“झेंडू येणार. त्याच्या सोबतीला कुणीतरी नको?”

मग तो येत राहिला. झिमझिम पावसात त्याची छत्री सेजलवर, आणि तो भिजलेला. मी ओसरीतून बघायची... बघत नसल्यासारखी.

एकदा म्हणाला, “एवढी फुलं, आणि तुम्हांला एकही देता येत नाही.”

“दिलंत तरी माळू कुठं? सेजलचे बाबा गेल्यापासून मी फूल माळत नाही.”

 त्याला वाटलं होतं, गावातल्या बऱ्याच जणांसारखे सेजलचे बाबाही बोटीवर नोकरीला असतील. छत्री मिटायला विसरून तसाच निघाला.

पुढं काही दिवस आलाच नाही. वाऱ्यावर झेंडू डुलायचा आणि मी बसथांब्याकडे बघायची. वाटलं, संपलं.

झाडं उपटायच्या दिवशी आला. हातात केळीच्या पानाची पुडी, आत आबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा.

“आईनं गुंफलाय.”

“त्यांना... ठाऊक आहे?”

“तुमचं, सेजलचं. आणि माझंसुद्धा.”

मी सवयीनं विचारलं, “माती कुठली?”

“आमच्या अंगणातली. तपासूनच आणलाय, शालिनी.”

मी पदर सावरला आणि त्याच्याकडे हळूच पाठ केली. अंबाड्यात वळेसर माळताना त्यानं दोऱ्याचं टोक दातांत धरलं...

खालून सेजल त्याला दटावत होती, “तोंडात नको हां.”