मांडीवरचा पट्टा

माझी बायको गेली, हे सांगायला तिच्या थिएटरचे डॉक्टर स्वतः आले. मी एका घरात फरशी बसवत होतो. ते दारातच थांबले. "मिस्त्री, आधी हात धुऊन घ्या," म्हणाले. ऑपरेशन थिएटरमध्ये काम करता करताच ती कोसळली होती. डोक्यातली शीर फुटली.

आमची भेटही त्याच थिएटरमुळे झाली. शिडीवरून पडून माझा घोटा मोडला होता. ऑपरेशननंतर जाग आली तर घोट्यापेक्षा मांडीच जास्त ठणकत होती. मी वॉर्डात बोंब ठोकली, "घोटा सोडून मांडी कापली माझी!"

थिएटरच्या सिस्टर सहसा वॉर्डात येत नाहीत. ही आली. डोक्यावरची टोपी तशीच.

"कापली नाही हो, आवळली होती. रक्त वाहू नये म्हणून मांडीला हवेचा पट्टा बांधतात. मीच फुगवला."

"मग तुम्हीच भोगा की!"

ती हसली... आणि रोज विचारायला येऊ लागली, "मांडी दुखतेय का?"

"फार—" मी म्हणायचो.

एके दिवशी ती अवचित आली. मी कुबड्या घेऊन, शीळ घालत खिडकीशी उभा.

"मिस्त्री! खरं सांगा."

"मांडी... दुखायची थांबली कधीचीच. पण तुम्ही याल म्हणून—"

ती चिडलीच. "प्रत्येकाच्या रक्तदाबाप्रमाणे पट्टा फुगवा, सगळ्यांना एकच दाब नको, म्हणून मी डॉक्टरांशी भांडतेय. तुमचं दुखणं त्यांना रोज सांगतेय. आणि तुम्ही थापा मारता?"

मी मान खाली घातली. ती दारापर्यंत गेली, वळली.

"आणि मी यायला दुखणंच कशाला लागतं हो?"

लग्नानंतरही जेवताना पट्ट्याचाच विषय. "अगं, घास तरी सुखानं गिळू दे," मी म्हणायचो. "तुम्ही ओरडलात म्हणून मला कळलं. बाकीचे मुकाट सोसतात," ती म्हणायची. भांडून भांडून तिनं एवढं करून घेतलं, की पायाची लहान ऑपरेशनं पट्ट्याशिवाय होऊ लागली.

आता पट्ट्याच्या दाबासाठी भांडायला तिच्या जागी मी डॉक्टरांकडे जातो. "मिस्त्री, तुम्हीही सोडणार नाही म्हणा की!" ते म्हणतात.

"नाही सोडणार."

मोठ्या ऑपरेशनला अजून सगळ्यांना एकच दाब लावतात. तेवढं बदलायचं राहिलंय.