तन्वी आणि भेदरेषा

नामयंत्र आल्यापासून खेकड्याचं नाव सांगायला विद्वान लागत नसे. रक्ताचा थेंब टाकला की यंत्र त्यातली जनुकं वाचायचं आणि सर्वांत जवळच्या प्रजातीपासूनचं अंतर सांगायचं. अंतर ठरावीक आकड्याच्या आत असेल तर प्रजाती जुनी, पलीकडे गेलं तर नवी. या आकड्याला भेदरेषा म्हणत. निसर्गात अशी रेघ कुठेही नसते, पण कामाला लागते. ती डॉ. शाल्मली केतकरांनी आखली होती आणि बाईंना तिचा जरा तोराही होता.

सावंतवाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, खाण येऊ घातली होती. तिथला जांभळा खेकडा नवा ठरला असता, तर कायद्याने खाण थांबली असती. वाटाड्या सत्यवान गावस याच्या नऊ वर्षांच्या तन्वीने एक खेकडा पकडून दिला, तेव्हा खेकड्याने तिचं बोट फोडलं. नांगी रक्ताने माखली. दुसऱ्या कुणीही ती पुसली असती, पण वर्गीकरणवाल्यांची शिस्त अशी, की नमुना जसा मिळाला तसाच तपासायचा. बाईंनी शिस्त पाळली.

यंत्राने दोन उत्तरं दिली. खेकडा नवा, रेघेच्या जेमतेम पलीकडचा. दुसरं उत्तर बाईंनी तीनदा वाचलं. कुळ माणसाचं, प्रजाती नवी. नाव सुचवा. मूळ नमुना तीस दिवसांत संग्रहालयात जमा करा.

"म्हणजे काय ओ?" सत्यवानने विचारलं.

"तन्वीच्या जन्माआधी डॉक्टरांनी तिच्यात आजार रोखणारी जादा जनुकं घातली होती ना? त्यामुळे अंतर वाढलं. यंत्राच्या लेखी ती आपल्या प्रजातीत बसत नाही."

"आणि नमुनो जमा करूचो म्हणजे?"

बाईंच्या मागच्या फळीवर बाटल्यांमध्ये खेकडे, सरडे, बेडूक ओळीने ठेवले होते. सत्यवानने तिकडे पाहिलं आणि लेकीला जवळ ओढलं.

"तसं कुणी करणार नाही, सत्यवानभाऊ," बाई घाईने म्हणाल्या. "पण शाळा, मतदान, लग्न, सगळे कायदे माणसासाठी आहेत. ही नोंद झाली तर उद्या कुणीही बोट ठेवील."

"रेघ तुमीच मारलात मां? मगे वायच सरकवा."

"सरकवली तर ती सगळ्यांसाठी सरकते. हा खेकडा जुन्यात जमा होईल. तुमचा सडा जाईल."

गावाचं पाणी त्याच सड्यातून झिरपत येत होतं.

"जाऊंदे सडो," तो म्हणाला.

बाईंनी रेघ सरकवली. यंत्राने कारण विचारलं. आजवर त्यांनी तिथे पानंच्या पानं लिहिली होती. आज एकही शास्त्रीय कारण सुचेना. शेवटी त्यांनी खरं तेच लिहिलं: मुलगी माझ्या ओळखीची आहे.

यंत्राने ते मान्य केलं. तन्वी माणसात आली. बाईंना रडू आवरेना. सत्यवान तर त्यांच्या पायाच पडला.

माणसाचं रक्त या यंत्रात कुणी कधी घातलंच नव्हतं; माणूस कोण, हे ठाऊकच असतं. आता यंत्रात माणसाचं कुळ उघडलं होतं, म्हणून यंत्राने आपण होऊन इस्पितळांच्या नोंदी ताडायला घेतल्या. जन्माआधी तन्वीसारखे, पण दोन-दोन उपचार झालेली चारशे बारा मुलं नव्या रेघेच्याही बाहेर निघाली. नावं, वयं, गावं पडद्यावर सरकू लागली. बाईंनी डोळे पुसून यादी शेवटपर्यंत वाचली. त्यातलं एकही मूल त्यांच्या ओळखीचं नव्हतं.